दोन टाके म्हणजे हिरवा

माझ्या प्रत्येक शर्टाच्या गळ्याच्या आत, लेबलच्या शेजारी, पांढऱ्या दोऱ्याचे बारीक टाके आहेत. गव्हाच्या दाण्याएवढे. एक टाका असेल तर शर्ट निळ्या घरातला. दोन असतील तर हिरव्या घरातला. तीन म्हणजे लाल, मरून, विटकरी, तपकिरी ही सगळी भावकी. टाक्यांऐवजी फुली असेल तर पांढरा किंवा राखाडी, कशावरही चालणारा. पँटच्या कमरपट्टीच्या आतही हेच. पांढऱ्या शर्टावर पांढरा टाका दिसत नाही, पण बोटाला लागतो, आणि मला बोटाला लागणंच पुरतं. नियम एकच: दोन टाक्यांवर तीन टाके घालायचे नाहीत.

हे टाके आईचे आहेत. गेली तीस-पस्तीस वर्षं नवा कपडा घरात आला की आधी तिच्या मांडीवर जातो आणि मग माझ्या कपाटात. लग्न झाल्यावर हे काम बायकोकडे जाईल असं सगळ्यांना वाटलं होतं. तिने ते घेतलं नाही. पहिल्याच आठवड्यात आईकडून टाके वाचायला शिकली आणि इस्त्रीच्या घड्या टाक्यांप्रमाणे लावू लागली. ज्या घरात सून म्हणून आली तिथली ही एक छोटी लिपी तिने शिकून घेतली, याचं मला आजही फार वाटतं.

मी रंगांधळा आहे. हा शब्द मला आवडत नाही. मला आंधळं काहीच नाही. मला आकाश निळं दिसतं, हळद पिवळी दिसते, आणि सांजेला गोदाघाटावर दिवे लागले की पाण्यात पडलेलं त्यांचं पिवळं मला कुणाइतकंच सुंदर दिसतं. लोकांना वाटतं आम्हाला सगळं जुन्या सिनेमासारखं काळंपांढरं दिसतं. तसं नाही. माझ्यापुरतं लाल आणि हिरव्यामधलं कुंपण पडलेलं आहे. मेंदी रंग आणि चॉकलेटी रंग मला एकाच कापडाचे दोन तुकडे वाटतात. जांभळ्यातला लाल मला लागत नाही, म्हणून जांभळा म्हणजे निळाच. फिकट गुलाबी आणि राखाडी सख्खे भाऊ. पोपटी आणि गाजरी जवळ ठेवले तर कुठला कुठला ते मी छातीठोक सांगू शकत नाही.

हे पहिल्यांदा कळलं ते रिळांमुळे.

तेव्हा आम्ही पंचवटीत राहायचो. आई घरी ब्लाउज शिवायची, साड्यांना फॉल-पिको करायची. दिवाळी आणि लग्नसराईत मशीन रात्री अकरापर्यंत चालायचं. मी तिसरीत होतो. मॅचिंगचं रीळ संपलं की आई कातरणीतली एक चिंधी माझ्या मुठीत द्यायची आणि कोपऱ्यावरच्या दुकानात पिटाळायची. दुकानदार दाखवायचा, मी चिंधी धरून बघायचो आणि रीळ घेऊन यायचो. एकदा मेंदीऐवजी चॉकलेटी आणलं. आई म्हणाली, लक्ष कुठे असतं तुझं. दुसऱ्यांदा पाठीत धपाटा बसला. तिसऱ्यांदा मात्र ती काही बोलली नाही. तिने रिळांचा पत्र्याचा डबा उचलला आणि शहाबादी फरशीवर उपडा केला.

“एकसारखी एकत्र लाव बरं.”

मी मन लावून ढीग लावले. मेंदी, चॉकलेटी आणि एक विटकरी एका ढिगात. जांभळी निळ्यांत. फिकट गुलाबी राखाड्यांशेजारी. सगळी मिळून पाच का सहा ढीग झाले. कोपरे नीट करून, रिळांची तोंडं एका बाजूला करून ठेवली, आणि शाबासकीची वाट बघत बसलो. आई बराच वेळ त्या ढिगांकडे बघत राहिली. चूक म्हणाली नाही. मग तिने एकेक रीळ उचलून डब्यात परत ठेवायला सुरुवात केली, आणि प्रत्येक ठेवताना नाव सांगत गेली. ही मेंदी. ही चॉकलेटी. ही विटकरी. ही आमसुली. ही वांगी कलर. डबा भरेपर्यंत तिचा आवाज एकाच पट्टीत होता.

पुष्कळ वर्षांनी मी होल्मग्रेनबद्दल वाचलं आणि पुस्तक मिटून तसाच बसलो. फ्रिथियोफ होल्मग्रेन हा स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठातला शरीरशास्त्रज्ञ. 1875 साली तिथे लागरलुंडा या ठिकाणी दोन रेल्वेगाड्यांची टक्कर झाली. सिग्नलचा रंग न कळल्यामुळे हे घडलं असावं असं होल्मग्रेनचं मत पडलं, आणि त्याने रेल्वेच्या नोकरांचे डोळे तपासायची एक साधी रीत काढली. टेबलावर रंगीत लोकरीच्या लडी पसरायच्या, एक लड हातात द्यायची आणि म्हणायचं, हिच्यासारख्या निवड. त्याच्या लोकरीच्या लडी, माझ्या आईची रिळं. तिला होल्मग्रेन माहीत असण्याचं कारण नव्हतं. तिला फक्त आपला मुलगा निष्काळजी नाही हे कळून घ्यायचं होतं.

पुढे एका नोकरीच्या वैद्यकीय तपासणीत इशिहाराचं पुस्तक समोर आलं. शिनोबू इशिहारा या जपानी डॉक्टरांनी 1917 साली काढलेल्या त्या ठिपक्यांच्या तक्त्या, रंगीत ठिपक्यांत लपलेला आकडा ओळखायच्या. पहिल्या पानावरचा 12 सगळ्यांनाच दिसतो, मलाही दिसला. पुढे एका पानावर तुम्हाला 74 दिसेल. मला स्वच्छ 21 दिसला. तो माणूस पानं भराभर उलटत होता आणि प्रत्येक पानागणिक त्याचं माझ्याशी बोलणं कमी होत होतं. नोकरी गेली. ज्या कामात सिग्नलचे दिवे ओळखायचे असतात तिथे मला न घेणं मला पटतं. पण ड्रायव्हिंग लायसन्ससुद्धा नाकारलं जाईल या धास्तीत आमच्यासारख्यांनी जी वर्षं काढली ती वाया गेली असं वाटतं. 2020 साली केंद्र सरकारने नियम बदलला आणि सौम्य व मध्यम रंगांधळेपणा असणाऱ्यांना लायसन्सची वाट मोकळी केली. चौकातला वरचा दिवा लाल आणि खालचा हिरवा, ही जागा आम्ही रंगाच्या आधीच पाठ केलेली असते.

यामागचं शास्त्र आईला मी एकदा शिवणाच्याच भाषेत सांगितलं होतं. डोळ्याच्या पडद्यावर रंग टिपणाऱ्या शंकूच्या आकाराच्या पेशी तीन प्रकारच्या असतात. तीन दोऱ्यांनी सगळं कापड विणलं जातं असं समज. माझ्याकडे त्यातला मधला दोरा नाही. उरलेल्या दोन दोऱ्यांत मी सगळं विणतो. तो दोरा बनवायची कृती एक्स गुणसूत्रावर असते. बायकांकडे एक्स दोन असतात, एक बिघडलं तर दुसरं सांभाळून घेतं. पुरुषाकडे एकच. म्हणून युरोपीय वंशाच्या लोकांत साधारण 8 टक्के पुरुषांना हे असतं आणि बायकांत मात्र 0.5 टक्क्याच्या आसपास. मुलाला एक्स मिळतं ते आईकडून.

हे शेवटचं वाक्य मी सांगायला नको होतं. आईच्या हातातली सुई थांबली. “म्हणजे माझ्याकडून आलं तुला.” मी घाईने म्हणालो की तुलाही ते कुणाकडून तरी आलंच असणार. त्यावर ती जरा वेळाने म्हणाली, “आबा कधी मिरच्या तोडायला जायचे नाहीत.” आबा म्हणजे तिचे वडील, निफाडकडचे शेतकरी. दारापुढच्या टोमॅटोच्या झाडाशी उभे राहून ते फळ अंगठ्याने दाबून बघायचे, आणि तरीही आजीला हाक मारायचे, पिकलं का बघ गं. धोतर, सदरा, टोपी, सगळं पांढरं. तेव्हाचे शेतकरी पांढरंच नेसायचे, त्यामुळे त्यांच्या कपड्यांवरून काही सिद्ध होत नाही. पण त्या दिवसापासून आई आबांबद्दल बोलताना एक वेगळी माया लावून बोलते. रंगांधळ्या बापाची प्रत्येक मुलगी हे वाहून आणतेच, हेही मी तिला सांगितलं. आबा मला अजाणता काहीतरी देऊन गेले, आणि ते देताना माझ्या आईच्या हातून दिलं.

माझ्याकडे असलेला जवळजवळ प्रत्येक रंग कुणीतरी सांगितलेला आहे. तुम्ही डाळिंबी रंग बघता. मला तो आईच्या आवाजात ऐकू येतो. आणि मराठीने इथे माझ्यावर फार मोठा उपकार केलाय, कारण आपल्या भाषेत रंगांना वस्तूंची नावं आहेत. आमसुली, अंजिरी, श्रीखंडी, शेवाळी, अबोली, मोरपंखी, बदामी, मोतिया, विटकरी, वांगी. रंग दिसला नाही तरी वांगं मला माहीत आहे, त्याची तुकतुकीत साल माहीत आहे. अबोली म्हटलं की आजीच्या अंबाड्यावरचा गजरा आठवतो, बिनवासाचा, हलका. हल्ली मोबाइलचा कॅमेरा कपड्यावर धरला की रंगाचं नाव सांगणारी ॲप्स आहेत. वापरून बघितली. ती गडद ऑलिव्ह म्हणतात, धुरकट गुलाबी म्हणतात. कामाची आहेत, प्रवासात मी वापरतोही. पण मला ऑलिव्हचं झाड माहीत नाही. शेवाळ माहीत आहे. पावसाळ्यात घाटाच्या पायऱ्यांवर त्याच्यावरून मी दोनदा घसरलोय.

खास चष्मेही मिळतात. ते दोन रंगांमधला मधलाच प्रकाश गाळून टाकतात, त्यामुळे काहींना फरक ठळक होतो. नसलेला दोरा ते देत नाहीत. मी एका मित्राचा घालून पाहिला आणि परत दिला.

रंगपंचमीचं सांगायलाच हवं, कारण नाशिकमध्ये वाढून रंगपंचमीशिवाय रंगाबद्दल बोलता येत नाही. आमच्याकडे धुळवडीपेक्षा रंगपंचमी मोठी, आणि तीही रहाडींची. जमिनीत बांधलेले पेशवेकाळातले दगडी हौद. वर्षभर बुजवलेले असतात, लोक त्यांच्यावरून चालत जातात आणि बाहेरगावच्या माणसाला खाली काय आहे याचा पत्ताही नसतो. रंगपंचमी आली की उकरून काढतात, पूजा करतात, रंग कालवतात आणि मग लोक वरून धप्पा मारतात, म्हणजे हौदात उडी घेतात. प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला. तिवंध्याची पिवळी, शनी चौकातली गुलाबी. लहानपणापासून आमची शनी चौकातली. चौदाव्या वर्षी पहिल्यांदा वरून धप्पा मारला, नाकातोंडात रंग गेला, वर आलो आणि हातांकडे बघितलं, तर मला हात निळसर दिसत होते. भोवती सगळे गुलाबी गुलाबी म्हणून ओरडत होते. मीही ओरडलो.

तो निळसरपणा माझ्या एकट्याचा नव्हता हे मला जॉन डाल्टनने सांगितलं. अणूंचा सिद्धान्त मांडणारा तोच डाल्टन. एका फुलाला सगळे गुलाबी म्हणतात आणि आपल्याला ते दिवसा आकाशासारखं निळं दिसतं, मेणबत्तीच्या उजेडात मात्र लालसर, हे त्याच्या लक्षात आलं. त्याच्या भावालाही तसंच दिसत होतं. 1794 साली त्याने यावर मँचेस्टरमध्ये निबंध वाचला. आपल्या डोळ्यातलं पाणी निळं असणार असा त्याचा तर्क होता, आणि मेल्यावर डोळे उघडून बघा असं त्याने सांगून ठेवलं होतं. 1844 साली बघितले. पाणी स्वच्छ होतं. पण डोळे जपून ठेवले होते, आणि 1995 साली त्यातल्या डीएनएवरून कळलं की त्याच्याकडेही मधलाच दोरा नव्हता. माझाच प्रकार. तो क्वेकर पंथाचा, भडक कपडे वर्ज्य मानणारा. ऑक्सफर्डने त्याला पदवी दिली तेव्हा तिचा झगा लालभडक होता, आणि 1834 साली राजाच्या भेटीला तो त्याच झग्यात गेला. त्याला तो लाल दिसतच नव्हता. ही हकिकत लोक गंमत म्हणून सांगतात. मला ती वाचताना त्याच्या जवळ जाऊन हळूच सांगावंसं वाटतं.

कारण मला कुणी सांगितलं नव्हतं. आठ-नऊ वर्षांपूर्वी एका जवळच्या मित्राच्या वडिलांचा दहावा रामकुंडावर होता. आई त्या दिवशी माहेरी होती, बायको शाळेच्या कामाने बाहेर. आहेरात आलेला एक नवा शर्ट होता, अजून बिनटाक्याचा. मला तो राखाडी दिसला. राखाडी म्हणजे प्रसंगाला साजेसा, असं समजून घालून गेलो. पिंड ठेवले, कावळ्याची वाट बघत सगळे थांबले, मी मित्राच्या खांद्यावर हात ठेवून बराच वेळ त्याच्याशेजारी उभा राहिलो. संध्याकाळी बायको घरी आली, दारातच थांबली आणि म्हणाली, “हा घालून गेला होतात?” शर्ट गुलाबी होता. मित्राने कधीही त्याचा उल्लेख केला नाही. दहा दिवसांचं सुतक, मुंडण केलेली डोकी, पांढरे कपडे, आणि त्यांच्यामध्ये मी. मी नंतर त्याला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, अरे, मला तुझा हात आठवतो, शर्ट आठवत नाही. तरी तो शर्ट मी पुन्हा घातला नाही. त्यानंतर घरात नियम झाला की बिनटाक्याचा कपडा कपाटात जाणार नाही.

लोकांनी एक गोष्ट करू नये असं मला कळकळीने वाटतं. आम्हाला कळलं की समोरचा लगेच आपल्या सदऱ्याला चिमटीत धरतो आणि विचारतो, हा कोणता? आणि हा? परीक्षा घेऊ नका. सांगा. माझ्या ऑफिसात नवरात्रात वारांचे रंग पाळतात. मंगळवारी लाल, शुक्रवारी हिरवा, शनिवारी राखाडी. एका वर्षी माझ्या शर्टावरून फोटोच्या वेळी हशा झाला. पुढच्या वर्षी घटस्थापनेच्या आदल्या संध्याकाळी एका सहकारी मुलीने मेसेज केला: “दादा, उद्याच्या शर्टाचा फोटो पाठवा ना.” नऊही दिवस तिने पाठवायला लावला, आणि ऑफिसात एका अक्षराने बोलली नाही. तिचे उपकार मी कसे फेडू?

रंग सांगणारं माणूस लागतं, ही गोष्ट फक्त आमच्यापुरती नाही हे मला मॅचिंग सेंटरमध्ये कळलं. अजूनही आईबरोबर मी मेन रोडला जातो. भिंतभर अस्तरं, फॉल, ब्लाउजपीस, एकाच हिरव्याच्या पंधरा छटा. ज्यांची नजर तयार आहे अशा बायका तिथे ट्यूबलाइटखाली कापड साडीला लावतात, मान हलवतात, आणि मग कापड घेऊन दुकानाच्या दारात जातात. “उजेडात बघू.” दारात उन्हात धरल्यावर जुळलेलं फसतं आणि फसलेलं जुळतं. मग शेजारी उभ्या अनोळखी बाईला विचारतात, अहो, जातंय का हो हे? ती बाई स्वतःची खरेदी सोडून निरखून बघते आणि मनापासून सांगते. त्या दारात उभं राहायला मला फार आवडतं.

दोन वर्षांपूर्वी आईने माझ्या एका नव्या पँटवर फुली घातली. म्हणाली, काळी आहे, कशावरही जाईल. मी ती हातात घेतली. निळा हा रंग मला चुकत नाही. निळा आणि पिवळा माझे स्वतःचे आहेत, ते मला कुणी सांगावे लागत नाहीत. म्हणालो, “आई, ही निळी आहे. नेव्ही ब्लू.” ती म्हणाली, “छे, काळी आहे.” मी गॅलरीत नेली, उजेडात धरली. “निळी आहे, आई.” तिने खूप वेळ बघितलं. मग चष्मा काढून पदराने पुसला, पुन्हा बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा मी तिला रंग सांगत होतो, आणि मला ते अजिबात नको होतं.

मोतीबिंदू होता, दोन्ही डोळ्यांत. वयाबरोबर भिंग पिवळट होत जातं आणि निळा प्रकाश अडवतं. गडद निळं काळं दिसू लागतं, पांढरं मळकट. हे इतकं हळू होतं की माणसाला समजत नाही. डॉक्टरांनी एका डोळ्याचं ऑपरेशन केलं. दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली, आई घरी आली आणि स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून म्हणाली, “अरे, भिंत पांढरी आहे की.” मग तिने एक-एक डोळा झाकून बघितलं. एका डोळ्याने पांढरी, दुसऱ्याने चहात बुडवल्यासारखी. दिवसभर ती घरातल्या वस्तू उचलून दोन्ही डोळ्यांनी वेगवेगळ्या बघत होती. संध्याकाळी मला म्हणाली, “तुला असंच होत असेल ना. दिसतंय सगळं, पण दुसऱ्याला वेगळं दिसतंय हे कळत नाही.” तीस वर्षांत मी हे कुणालाच इतक्या नीट सांगू शकलो नव्हतो.

दुसरा डोळाही झाला. मग तिने माझं कपाट रिकामं केलं आणि गेल्या काही वर्षांतले सगळे टाके तपासले. चार कपड्यांचे उसवून पुन्हा घातले.

या उन्हाळ्याच्या सुट्टीत धाकटी बहीण मुलाला घेऊन आली होती. नऊ वर्षांचा आहे. शाळेत फुटबॉल खेळताना दुसऱ्याच संघाला पास देतो म्हणून मुलं चिडवतात. एका संघाचे टीशर्ट लाल, दुसऱ्याचे हिरवे. बहिणीचा चेहरा उतरलेला होता. “दादा, यावर औषध नाहीच का रे?” मी तिला जे खरं ते सांगितलं. आज माणसांसाठी उपाय नाही. 2009 साली अमेरिकेत नसलेलं जनुक डोळ्यात घालून माकडांना लाल-हिरवा ओळखता येऊ लागला. त्यातल्या एका माकडाचं नाव डाल्टन होतं. हा मोठा होईल तेव्हा काय असेल ते आज सांगता येत नाही. ती ऐकत होती, पण लक्ष मुलाकडे होतं.

आई उठली. आतून पत्र्याचा डबा घेऊन आली. तोच, झाकणाचा रंग उडालेला. भाच्याच्या समोर बसली आणि रिळं फरशीवर ओतली.

“एकसारखी एकत्र लाव बरं.”

तो पालथा पडून लावत होता, जीभ दाताखाली धरून. रिळांची तोंडं एका बाजूला करत होता. बहीण दारात उभी होती, हात तोंडावर. आई शांत होती. लावून झाल्यावर त्याने मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं, “मामा, बरोबर?”

मी खाली बसलो आणि एकेक ढीग नीट पाहिला. मला एकही रीळ चुकलेलं दिसलं नाही.